मधलं पाणी

खोली दहा बाय अकरा. त्यातून कपाट वजा,
पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला;
उरली जमीन साडेसहा फूट बाय सात.
हेडसेट चढवून मी खाली वाकते
आणि हातातल्या किरणाने रेघ ओढते,
निळी, स्वतःलाच येऊन मिळणारी,
शिंप्याच्या खडूसारखी:
इथवर कापड. पुढे कात्री नाही.

रेघेजवळ गेलं की हवेत जाळी उगवते.
दोनदा मी तिचं ऐकलं नाही.
एकदा कपाटाची मूठ कोपराला,
एकदा छताच्या पंख्याने करंगळीचं नख नेलं.
आता तो पंखा बंद, आणि पायाखाली
काथ्याच्या पायपुसण्याचा एक तुकडा:
तळव्याला टोचतोय तोवर
मी माझगावात आहे, खोलीच्या मध्यावर,
डोळे कुठेही असोत.
टेबलफॅन दाराशी चालू.
वारा ज्या गालाला, दार त्या बाजूला.

नोकरी अशी की लोकांना जिथे भोवळ येईल
तिथे आधी आपण जायचं.
अंगठ्याने काडी रेटली की जग अंगावर वाहत येतं,
कानातलं पाणी म्हणतं, आपण तर उभेच आहोत,
आणि दोघांच्या भांडणात पोट मार खातं.
मी लिहून ठेवते: सातवं मिनिट, घाम.
नववं, आलेपाक.
वळण सलग नको, तीस-तीस अंशांनी तोडा.
वेग वाढला की नजरेच्या कडा काळ्या करा,
घोड्याला झापड लावतात तशा.
जिना काढून टाका. लोक जिन्यावर रडतात.

घरमालक शकूर सारंग, वय एक्याऐंशी.
भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच नेली चौतीस वर्षं;
गुडघे गेल्यापासून तिसरा मजला उतरलेले नाहीत.
मी बादलीपाशी बसलेली. दारातून म्हणाले,
"पाण्याकडं बघत असशील. पाणी लबाड.
नाळीवर नजर धर, नाळीच्या पल्याड डोंगरावर.
हलत नाही ते आधी पकडायचं,
मग बोट काय हलायची ती हलू दे."

दुसऱ्या दिवशी मरोळच्या ऑफिसात
मी खेळणाऱ्याच्या समोर लाकडाची एक नाळ बसवली,
त्याच्यासोबत जाणारी, जागची न हलणारी.
अकरांपैकी आठ जण कोरडे उतरले.
साहेबांनी विचारलं, कुठे वाचलंस?

मग एका रविवारी सारंगांना खुर्चीत बसवलं.
आधी सगळ्यात सुरक्षित ते: उडी.
बोटाने जागा दाखवायची, एक कमान पडते,
पापणीएवढा अंधार, की पोहोचलो.
धक्का. पापणी. रेवस.
"आलं?" मी विचारलं.
"आलं," ते म्हणाले, आणि बराच वेळ काही नाही.
मग हेडसेटच्या आतून:
"मधलं पाणी कुठं गेलं?"

मी उडी बंद केली. वेग अगदी कमी,
कडा जराशाच काळ्या, नाळ समोर,
टेबलफॅन उचलून पुढ्यात ठेवला.
घारापुरी डाव्या हाताला सरकू लागली.
त्यांचे हात हवेत आले आणि गोल काहीतरी धरून बसले.
मी खुर्चीची पाठ धरलेली; त्यांना ते ठाऊक नव्हतं.
सातवं मिनिट गेलं. नववं.
घाम फक्त मला.

करंजाच्या तोंडाशी ते उजवीकडे झुकले,
खुर्ची निसटली हातभर,
हात रेघेबाहेर, कपाटाच्या दिशेने,
आणि निळी जाळी उगवली.
मी "थांबा" म्हणणार,
तोवर त्यांनी वेग तोडला होता.
"जाळं टाकलंय कुणी वाटेत," ते पुटपुटले,
"गरिबाचं फाटेल,"
आणि लांबून, चांगलं लांबून वळसा घेतला.

कपाट वाचलं.
मी वहीत वेळ लिहीत होते.
"पोरी, पंखा जरा खाली कर," ते म्हणाले,
"रेवसला वारा गुडघ्यांवर लागतो."